पट्ट्यांवरची गिटार : प्रस्तावना

१९५४ साली ‘नागिन’ हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला आणि त्यातील पुंगीच्या सुरांनी सबंध देशाला वेड लावले. ज्या सुरांवर नाग डोलतो अशी त्या वेळच्या प्रेक्षकाची बालंबाल खात्री पटली होती, ते सूर मात्र कोणा गारुड्याच्या पुंगीतून निघालेले नव्हते. कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच गृहस्थाने १९४७ च्या सुमारास सिद्ध केलेल्या, विजेवर चालणाऱ्या आणि पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असलेल्या क्लॅव्हिओलिन नामक वाद्यातून ते निघाले होते, आणि त्या पट्ट्यांवर बोटे होती ती पुढे संगीतकार म्हणून नावारूपास आलेल्या कल्याणजींची. ही हकीकत कळल्यावर ऐकणारा सामान्यतः ‘काय हुबेहूब नक्कल!’ असे म्हणून मोकळा होतो. परंतु नक्कल इतकी वठली का, याचा थोडा छडा लावू गेल्यास असे आढळते की, क्लॅव्हिओलिनचा आवाज पुंगीच्या आवाजाशी मिळताजुळता होता हे त्या यशाचे निम्मेच कारण आहे. उरलेले निम्मे असे की, त्या वाद्यातून एका वेळी एकच सूर निघत असे आणि जी सुरावट त्यावर वाजली तीत पुंगीवाल्याच्या फुंकीला व बोटांना झेपणार नाही असे काही नव्हते. पट्ट्यांनी पुंगीचा आवाज घेतला, तशा तिच्या मर्यादाही घेतल्या. आणि माझे तर असे मत आहे की ऐकणाऱ्याला फसविले ते या मर्यादांनीच अधिक.

प्रस्तुत पुस्तिकेचा विषय याच जातीचा, परंतु याहून पुष्कळ अवघड आहे. संगणकात बसविलेल्या गिटारच्या सॉफ्टवेअरला कीबोर्ड जोडावा, आणि जन्मात कधी गिटार हाती न धरलेल्या वादकाने तिच्या कॉर्ड अशा छेडाव्यात की ऐकणाऱ्यास सहा तारांवरून फिरणाऱ्या हाताचा भास व्हावा, ही विद्या गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घरगुती स्टुडिओंतून चांगलीच रूढ झाली आहे. मालिकेचे शीर्षकगीत, जाहिरातीची धून, एखाद्या हौशी गायकाचा भावगीतांचा संग्रह, यांच्या मागे जी गिटार वाजताना ऐकू येते ती पुष्कळ वेळा कोणाच्याही मांडीवर नसते. यातील काही वादन इतके बेमालूम असते की जाणत्यालाही शंका येत नाही. बहुतेक मात्र असे असते की संगीताचे शिक्षण न झालेला माणूसही दोन मात्रांत ‘हा तर कीबोर्ड’ असे म्हणून मोकळा होतो. सॉफ्टवेअर एकच, त्यातील ध्वनी तेच, संगणकही तोच. मग एकाच्या हातून गिटार का वाजते आणि दुसऱ्याच्या हातून का वाजत नाही? या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्यांच्या जाहिरातींत मिळत नाही, कारण त्यांचा सारा भर आवाजाच्या गुणवत्तेवर असतो. माझ्या अल्प समजुतीप्रमाणे ते हातात आहे, आणि तेही डाव्या हातात नसून उजव्या हातात आहे.

पट्टीच्या वाद्याने दुसऱ्या वाद्याची किंवा गळ्याची बरोबरी करू पाहावी की नाही, हा वाद आपल्याकडे काही नवा नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला आपला दरवाजा बंद केला, तो काहीसा किलकिला व्हावयास १९७१ साल उजाडले. आणि या मधल्या काळात आमच्या संगीत नाटकांतून मात्र ऑर्गन व पेटी बिनदिक्कत वाजत राहिली, आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी जिला मैफलीची प्रतिष्ठा मिळवून दिली त्या पेटीच्या सुरांवर रसिक माना डोलवीत राहिले. पेटीवरील मुख्य आक्षेप असा की तिचे सूर कायमचे बांधलेले असतात, एका सुरापासून दुसऱ्यापर्यंत घसरत जाण्याची तिला मुभा नाही, आणि म्हणून मिंड, गमक, सूक्ष्म श्रुती यांना ती पारखी आहे. आक्षेप सयुक्तिक आहे. तथापि गिटारच्या कॉर्डच्या बाबतीत तो गैरलागू ठरतो, कारण गिटारच्या दांडीवर पडदे ठोकलेलेच असतात, ते पियानोप्रमाणेच सप्तकाचे बारा समान भाग करून बसविलेले असतात, आणि कॉर्ड छेडताना वादक सामान्यतः तारा ओढीत नाही. म्हणजे स्वरस्थानांपुरते पाहिल्यास पट्टी व गिटार यांचे फारसे भांडण नाही. भांडण आहे ते काळाचे. पट्टी दाबली की सूर तत्क्षणी रुजू होतो आणि सोडली की निघून जातो. कॉर्ड छेडणारा हात मात्र कधी थांबतच नाही, आणि आपल्या कानी येते ती त्याच्या अखंड येरझारांतील केवळ तेवढीच बाजू की जी तारांना शिवली.

हा मुद्दा पुढे सविस्तर येईलच. त्याआधी कॉर्ड म्हणजे गिटारवर नेमके काय घडते ते पाहणे इष्ट आहे. कीबोर्डवाल्याला सी मेजर वाजवा म्हटले की तो उजव्या हाताच्या तीन बोटांनी सी, ई आणि जी या एकाआड एक असलेल्या तीन पांढऱ्या पट्ट्या दाबतो. हात मोकळा असल्यास डाव्याने खर्जाचा सी जोडतो. तीच कॉर्ड गिटारवाला धरतो तेव्हा सर्वांत जाड तार मुकी ठेवावी लागते, पाचव्या तारेवर तिसऱ्या पडद्याशी सी, चौथीवर दुसऱ्या पडद्याशी ई, तिसरी तार मोकळी म्हणून जी, दुसरीवर पहिल्या पडद्याशी पुन्हा सी आणि शेवटची बारीक तार मोकळी म्हणून पुन्हा ई, असे पाच सूर खालून वर पसरतात. ई मेजरचा दाखला याहून बोलका आहे. तिच्यात सहाही तारा वाजतात आणि त्यांत षड्ज तीनदा, पंचम दोनदा आणि गंधार अवघा एकदा येतो, तोही मधल्या तारेवर. खालच्या टोकाला तर षड्जानंतर थेट पंचमच लागतो. पियानोवर डोळे मिटून अशी वाटणी कोणीही करणार नाही, कारण तिथे गंधार हवा तितक्या वेळा घेण्यास कोणाची आडकाठी नाही. गिटारवर ती वाटणी वादकाच्या आवडीने ठरत नाही. चार बोटे, सहा तारा आणि तारांची मांडणी यांच्या अपरिहार्य तडजोडीतून ती जन्मते. ऐकणाऱ्याला या तडजोडीचे नाव सांगता येत नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या ती ऐकून त्याच्या कानात ती मुरलेली असते, आणि म्हणूनच सी-ई-जी हे त्रिकूट कितीही उत्तम ध्वनिमुद्रित तारेच्या आवाजात वाजले तरी त्याला ते परके वाटते.

चांगले सॉफ्टवेअर ही वाटणी स्वतःच्या अंगावर घेते. वादकाने तीन पट्ट्या दाबल्या की ते कॉर्ड ओळखते, गिटारवर ती कोणत्या घडणीने धरतात हे आपल्या दप्तरात पाहते आणि पाच किंवा सहा तारांना योग्य ते सूर नेमून देते. येथे आणखी एक गुंतागुंत आहे, जी पियानोवाल्याच्या ध्यानीही येत नाही. पियानोवर एका सुराला एकच पट्टी असते. गिटारवर मात्र बारीक तारेचा मोकळा ई, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३० कंपनांचा सूर, दुसऱ्या तारेवर पाचव्या पडद्याशी, तिसरीवर नवव्या, चौथीवर चौदाव्या आणि पाचवीवर एकोणिसाव्या पडद्याशीही मिळतो, आणि या पाच ठिकाणी त्याची जात पाच प्रकारची लागते. जाड तारेवर तो भरीव व काहीसा दबका, तर मोकळ्या बारीक तारेवर लखलखीत. पुन्हा एका तारेवर एका वेळी दोन सूर नांदू शकत नाहीत. नवा सूर आला की जुना तत्काळ गेलाच पाहिजे, हा या वाद्याचा कायदा आहे. आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये तो पाळला जात नाही त्यात कॉर्ड बदलताना मागच्या कॉर्डची आस पुढच्या कॉर्डमध्ये मिसळून सारा चिखल होतो. सॉफ्टवेअर पारखून घ्यावयाचे असल्यास मी तर प्रथम हीच एक परीक्षा घेईन : जी मेजर वाजवून तिची आस चालू असतानाच सी मेजर दाबावी, आणि जुन्या कॉर्डचे जे सूर आता शिल्लक राहावयास नकोत ते खरोखरच गेले की नाहीत, हे कान देऊन ऐकावे.

आता काळाचा हिशेब. गिटारवाला वरून खाली हात फिरवितो तेव्हा प्लेक्ट्रम जाड तारेकडून बारीक तारेकडे जाते आणि सहा तारा एकदम न वाजता एकामागून एक वाजतात. मिनिटाला शंभर मात्रांची लय धरल्यास एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची आणि अर्धी मात्रा ३०० मिलिसेकंदांची होते. अशा लयीत झपाट्याने मारलेल्या आघातास सहा तारा ओलांडावयास वीस-पंचवीस मिलिसेकंद लागले, तर दोन तारांतील अंतर चार-पाच मिलिसेकंदांहून अधिक भरत नाही. एवढे सूक्ष्म अंतर कानाला सुटे असे ऐकू येत नाही, पण ते नसेल तर कॉर्ड एखाद्या ठोकळ्यासारखी येऊन आदळते. संथ गाण्यात तेच अंतर हेतुपुरस्सर वाढविले जाते आणि तारा उलगडत गेल्यासारख्या वाटतात. या संदर्भात एक गंमत सांगण्याजोगी आहे. कीबोर्ड आणि संगणक यांच्यातील संभाषणाचा जो मिडी नावाचा दस्तूर १९८३ साली जाहीर झाला, आणि ज्याबद्दल डेव्ह स्मिथ व इकुतारो काकेहाशी या दोघांना २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी सन्मान मिळाला, त्याच्या मूळ तारेतून सेकंदाला ३१,२५० अंक जातात, आणि एका पट्टीचा संदेश पोहोचावयास सुमारे एक मिलिसेकंद लागतो. म्हणजे सहा पट्ट्या अगदी एका क्षणी दाबल्या तरी त्यांच्या वर्दी रांगेनेच दाखल होतात आणि चार ते सहा मिलिसेकंदांची एक नकळत झंकार त्या तारेतच उत्पन्न होते! दुर्दैवाने ती इतकी तोकडी आहे की तिचा गिटारवाल्याला काही उपयोग नाही.

परंतु अंतरे साधली म्हणजे झंकार साधली असे समजणाऱ्याने फार मोठी फसगत करून घेतली. सतारीच्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी ‘दा’ आणि ‘रा’ हे दोन आघात वेगळे शिकवितात, कारण मिझराबीची दिशा बदलली की बोल बदलतो. गिटारवरही खाली जाणारा आघात आणि वर येणारा आघात हे दोन स्वतंत्र बोल आहेत. खाली जाताना जाड तारा आधी व जोराने वाजतात आणि कॉर्डचा पाया दणदणीत बसतो. वर येताना हात बारीक तारांपासून सुरुवात करतो आणि तीन किंवा चार तारा छेडून निघून जातो. जाड तारांपर्यंत तो बहुधा पोहोचतच नाही. आता सर्वत्र वाजणारा चार मात्रांचा एक ठेका घेऊ : पहिल्या मात्रेवर खाली, दुसरीवर खाली आणि तिच्या अर्ध्यावर वर, तिसरीच्या अर्ध्यावर वर, चौथीवर खाली आणि तिच्या अर्ध्यावर पुन्हा वर. कागदावर हे सहा आघात झाले. हात मात्र आठ वेळा फिरला आहे. पहिल्या मात्रेच्या अर्ध्यावर तो तारांना न शिवता वर आला, आणि तिसऱ्या मात्रेवर, म्हणजे जिथे ठेक्याचा दुसरा अर्धा सुरू होतो नेमक्या त्या जागी, तारांना न शिवता खाली गेला. आणि तो तसा गेला म्हणूनच पुढचा वरचा आघात आपल्या जागी बिनचूक पडला. घड्याळाच्या लंबकाने मध्येच विश्रांती घेऊन चालत नाही, तसेच हे आहे. कीबोर्डवाल्याची बोटे मात्र जिथे सूर नाही तिथे थांबून राहतात, पुढच्या आघाताची वाट पाहतात आणि मग एकदम त्यावर झडप घालतात. त्यामुळे त्याचा ठेका घड्याळाशी ताडून पाहावा तर अचूक भरतो आणि कानाला मात्र कोरडा लागतो. मुक्या तारांवरचे खसखस आघात, तळहाताच्या कडेने दाबलेल्या तारा, डाव्या हाताची पकड किंचित सैल करून तोडलेली आस, हे सारे अलंकार या न थांबणाऱ्या हालचालीच्या पोटीच जन्मतात. तिच्यावाचून ते वरून चिकटविल्यासारखे दिसतात.

कॉर्ड निवडणे एका हाताकडे आणि छेडणे दुसऱ्या हाताकडे सोपविण्याची ही कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिच्या इतिहासात आमच्या गल्लीबोळांचाही वाटा आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील चार्ल्स झिमरमन याने १८८२ साली ऑटोहार्पची सनद मिळविली. पुढे तारांवर आडव्या बसविलेल्या दांड्यांपैकी एक दाबली की नको असलेल्या तारा मुक्या होत आणि उरलेल्या तारांवरून हात फिरविला की कॉर्ड आपोआप सिद्ध होई, अशी या वाद्याची रचना सर्वत्र रूढ झाली. १९१२ साली जपानमधील नागोया शहरी गोरो मोरिता याने तैशोगोतो हे वाद्य तयार केले, ज्यात टंकलेखन यंत्रासारखी बटणे डाव्या हाताने दाबतात आणि उजव्याने तारा छेडतात. हेच वाद्य आपल्या देशात येऊन बुलबुल तरंग झाले आणि महाराष्ट्रात ‘बेंजो’ या नावाने गणपतीच्या मिरवणुकीत, हळदीत आणि वरातीत ध्वनिवर्धकासह असे काही गाजले की बेंजो पार्टीवाचून वरात ही कल्पनाच मुंबईच्या चाळींत पुष्कळांना सहन होईना. १९८१ साली जपानच्याच सुझुकी कंपनीने ऑम्निकॉर्ड काढले; त्यात कॉर्डची बटणे आणि बोट फिरविण्याची एक पट्टी एवढेच असते, तारा मुळी नसतातच. या तिन्ही वाद्यांत एक गोष्ट समान आहे. छेडणारा हात मोकळा राहतो आणि त्याच्या फेरीला कोणी अटकाव करीत नाही. पियानोच्या घडणीच्या कीबोर्डने हीच गोष्ट गमावली, कारण तिथे सूर निवडणे आणि सूर वाजविणे या दोन क्रिया एकाच बोटाच्या एकाच दाबात मिसळून गेल्या. आणि गिटारच्या सॉफ्टवेअरची सारी कारागिरी म्हणजे, थोडक्यात, या दोन क्रिया पुन्हा विभक्त करण्याची खटपट आहे. मिरवणुकीतल्या बेंजोवाल्याला जे बसल्या जागी साधत होते, ते पुन्हा हस्तगत करण्यासाठी एवढा खटाटोप करावा लागतो, हे मान्य करण्यात संकोच कशाला बाळगावा?

आवाज कोठून येतो याविषयी थोडे सांगितले पाहिजे, जरी माझ्या दृष्टीने तो भाग दुय्यम आहे. एक मार्ग नोंदींचा. खऱ्या गिटारच्या एकेका तारेचा एकेका पडद्यावरचा सूर ध्वनिमुद्रित करून ठेवावयाचा आणि पट्टी दाबली की तो वाजवावयाचा. समजा मोकळ्या तारा सोडून वीस पडदे, सहा तारा, खालचा व वरचा असे दोन आघात, हळू ते जोरकस अशा चार पायऱ्या, आणि तोच तो आवाज पुन्हा पुन्हा येऊन यांत्रिक वाटू नये म्हणून प्रत्येकाच्या तीन आवृत्त्या एवढेच नोंदविले, तरी नोंदींची संख्या २,८८० होते. त्यात वेटोळ्याच्या तारांवरून सरकणाऱ्या बोटांची किरकिर आणि आस तोडल्याचा खट् असा आवाज अजून धरलेलाच नाही. एवढा संभार संगणकाच्या स्मृतीत मावेना, तेव्हा १९९८ साली नेमेसिस कंपनीच्या गिगासॅम्पलरने नोंदी हार्ड डिस्कवरून वाजता वाजताच उचलण्याची तजवीज केली, आणि मग हा मार्ग राजमार्ग झाला. म्युझिकलॅबचे रिअलगिटार आणि बेजिंगच्या ॲम्पल साउंड कंपनीची गिटार ही याच घराण्यातली.

दुसरा मार्ग गणिताचा, आणि बौद्धिक दृष्ट्या तो मला अधिक मोहक वाटतो. स्टॅनफर्ड येथील केव्हिन कार्प्लस आणि ॲलेक्स स्ट्राँग यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेली युक्ती अशी की, निव्वळ गोंगाटाचे काही अंक एका वर्तुळात फिरत ठेवावयाचे आणि प्रत्येक फेरीत शेजारच्या दोन अंकांची सरासरी काढून तीच पुढे ढकलावयाची. सेकंदाला ४४,१०० अंकांच्या हिशेबाने पाचव्या तारेचा मोकळा ए, म्हणजे ११० कंपनांचा सूर हवा असेल, तर वर्तुळात सुमारे चारशे अंक ठेवले की झाले. प्रत्येक फेरीबरोबर तीव्र कंपने आधी झिजतात आणि मंद कंपने मागे उरतात, खरी तारही नेमकी अशीच विझते, आणि ज्यात एकही तार कधी नव्हती असा तो गोंगाट ऐकता ऐकता छेडलेल्या तारेचा सूर होऊन बसतो. मॉन्ट्रियलच्या अप्लाइड अकूस्टिक्स सिस्टिम्स कंपनीचे स्ट्रम हे सॉफ्टवेअर नोंदींऐवजी अशाच तऱ्हेच्या, परंतु पुष्कळ पुढे गेलेल्या गणितावर चालते.

तिसऱ्या मार्गात वादकाच्या वाजविलेल्या आख्ख्या ओळीच मुद्रित करून कॉर्डनुसार जोडतात. श्टाइनबर्गच्या २००२ सालच्या व्हर्च्युअल गिटारिस्टने हा मार्ग लोकप्रिय केला आणि बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सने २०१५ साली ‘स्ट्रम्ड अकूस्टिक’ काढून त्याला नवे रूप दिले. यातला हात खराच असतो, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत हेच सर्वांत अस्सल वाटते. पण तो हात दुसऱ्याचा असतो. गाण्याने जिथे किंचित थबकावे असे आपल्याला वाटते, तिथे तो थबकत नाही. ध्रुवपदाआधी एक आघात गिळावा म्हटले तर तो गिळत नाही. घाईच्या कामास हा मार्ग उत्तम हे मी कबूल करतो, परंतु ज्याला वाजवावयाचे आहे त्याने या सोयीची ताबेदारी पत्करू नये.

पहिल्या दोन मार्गांच्या सॉफ्टवेअरमध्ये कीबोर्डची वाटणी साधारणपणे अशी असते : मधल्या सप्तकांत कॉर्ड धरावयाची, गिटारच्या सर्वांत खालच्या ई च्याही खाली ज्या पट्ट्या उरतात, त्यांना सूर नसल्यामुळे त्यांच्याकडे हुकमांचे काम सोपविलेले असते, की आता तारा दाबून वाजव, आता मोकळ्या सोड, आता कॅपो चढव, आणि एका बाजूच्या काही पट्ट्या छेडण्यासाठी तैनात असतात, एक खालच्या आघाताची, लगतची वरच्या आघाताची, तिच्या शेजारी मुक्या तारांची. या रचनेचे मर्म ध्यानात घ्यावे. डाव्या हाताने कॉर्ड धरून ठेवली की उजव्या हाताची दोन बोटे खालच्या व वरच्या आघाताच्या पट्ट्यांवर आळीपाळीने चालू शकतात, आणि लंबकाची जी फेरी कीबोर्डने हिरावली होती ती निदान दोन बोटांत तरी परत मिळते. पट्टी किती वेगाने दाबली याची नोंद १ ते १२७ या अंकांत होते. नवशिक्याचे सारे आघात ९० ते १०० च्या दरम्यान खोळंबलेले आढळतात, तर मुरलेल्या वादकाचे ४० पासून ११५ पर्यंत मनमोकळे फिरतात आणि त्यांतही वरचे आघात खालच्यांहून स्पष्टपणे हलके असतात. संगणकाच्या विलंबाकडेही पाहावे. ध्वनीचा साठा ५१२ अंकांचा ठेवला तर पट्टी दाबल्यापासून केवळ त्यापोटीच बारा मिलिसेकंदांच्या आसपास जातात आणि दोन तारांतील अंतर सांभाळू पाहणाऱ्या हाताला आपलाच आवाज मागे पडल्यासारखा वाटतो. १२८ वर आणल्यास हा विलंब तीन मिलिसेकंदांच्या घरात येतो. आणि वाजवून झाल्यावर सारे आघात मात्रांच्या रेघेवर नेऊन बसविण्याचे जे बटण असते, त्यास हात लावू नये. हातून घडलेला अर्धाअधिक जिवंतपणा ते एका झटक्यात जप्त करते.

हे सारे करून खऱ्या गिटारवाल्याच्या पोटावर पाय येतो की काय, हा प्रश्न टाळून पुढे जाणे बरे नव्हे. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात कॉर्ड ही वस्तू घरची झाली ती मुख्यतः गोव्याहून आलेल्या वादकांमुळे आणि ॲरेंजरांमुळे; तिकडच्या चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेली ही मंडळी होती. अँथनी गोन्साल्विस आणि सॅबॅस्टियन डिसोझा यांची नावे या संदर्भात आदराने घेतली जातात, आमच्या सी. रामचंद्रांच्या १९५१ सालच्या ‘अलबेला’मागे चिक चॉकलेट यांचा हात होता, आणि १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’त भूपिंदर सिंग यांच्या गिटारने काय बहार केली ते सर्वश्रुत आहे. हे मोठमोठे वाद्यवृंद विसाव्या शतकाच्या अखेरीस कसे पांगले, याची कैफियत ग्रेगरी बूथ यांनी वादकांच्याच तोंडून घेऊन २००८ साली ‘बिहाइंड द कर्टन’ या ग्रंथात मांडली आहे. त्या पांगापांगीचा सारा दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु एवढे खरे की नोंदींवर चालणाऱ्या प्रत्येक गिटारच्या पोटात कोणीतरी खरा गिटारवाला बसलेला असतो, ज्याने काही दिवस स्टुडिओत बसून एकेक तार छेडली, ज्याचा हात पुढे कितीएक अनोळखी गाण्यांत वाजत राहिला, आणि ज्याचे नाव त्यांपैकी एकाही गाण्याच्या श्रेयनामावलीत आले नाही. माझा स्वतःचा दंडक सांगतो, कोणावर लादीत नाही. दहा वाद्यांच्या मागे गिटारने नुसता ठेका भरावयाचा असेल, तर कीबोर्ड पुरे. एकटी गिटार आणि एकटा गळा असा मामला असेल, तर खुशाल वादकाला बोलवावे आणि त्याची बिदागी बिनतक्रार द्यावी. तिथे श्वासाबरोबर लय कमी-जास्त करण्याचे जे काम आहे, ते दोन बोटांच्या आटोक्यातले नाही.

राहता राहिला या पुस्तिकेचा क्रम. पहिल्या प्रकरणात एकही कॉर्ड दिलेली नाही, हे पाहून काही वाचक बुचकळ्यात पडतील. त्यातील सर्व पाठ केवळ मुक्या तारांचे आहेत : मिनिटाला ऐंशी मात्रांची लय लावावी, डावा हात मांडीवर ठेवावा आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी मुक्या तारांचे खालचे व वरचे आघात अर्ध्या मात्रेच्या अंतराने चालू ठेवावेत. मग वर सांगितलेल्या ठेक्यातील दोन गाळलेल्या जागी बोट पट्टीपर्यंत न्यावे पण पट्टी दाबू नये. सुरांचे सौंदर्य मदतीला नसल्यामुळे हाताचा प्रत्येक अडखळा या पाठांत उघडा पडतो, आणि ज्या दिवशी नुसती ही खसखस ऐकून शेजारच्या खोलीतला माणूस पायाने ताल धरील त्या दिवशी पान उलटण्यास हरकत नाही. कॉर्डना दुसऱ्या प्रकरणात प्रारंभ होतो, आणि त्यातली पहिली जी मेजर आहे.